गॅस संपत नाही, तो निसटतो!

मित्रांनो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरात सगळ्यांत जास्त उघडझाप कोणाची होते, सांगा पाहू? अगदी बरोबर, फ्रीजच्या दाराची! कधी पन्हे, कधी कोकम सरबत, तर कधी नुसताच बर्फाचा खडा. आणि नेमका अशाच वेळी फ्रीज रुसून बसतो. बर्फ धरत नाही, दूध नासते. मग मेकॅनिककाका येतात, फ्रीजच्या पाठीमागे डोकावतात आणि सांगतात, "गॅस संपलाय. भरावा लागेल."

आई-बाबा मान डोलावतात. गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, फ्रीज पुन्हा गुरगुरू लागतो. सगळे खूश!

पण थांबा. एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला. गॅस संपला म्हणजे गेला कुठे?

स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस संपतो, कारण तो जळतो. स्कूटरमधले पेट्रोल संपते, तेही जळते म्हणूनच. फ्रीजमधला गॅस मात्र जळत नाही, झिजत नाही, खर्चही होत नाही. तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरत असतो, आपल्या शरीरातल्या रक्तासारखा. रक्त कधी 'संपते' का? कुठे जखम झाली तरच ते कमी होते. फ्रीजचे आणि एसीचेही अगदी तसेच. गॅस कमी झाला, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. कुठेतरी गळती आहे!

आणि निसटलेला हा गॅस जातो थेट आपल्या डोक्यावरच्या आभाळात. तिथे तो काय उद्योग करतो आणि त्याला नळीतच डांबून ठेवण्यासाठी जगभरचे कारखाने, शास्त्रज्ञ आणि मेकॅनिक काय काय करतात, तीच आजची गोष्ट.

माठाचा चुलतभाऊ

आधी फ्रीज थंड कसा होतो ते पाहू. इंजेक्शन टोचण्याआधी डॉक्टर दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात, तेव्हा कसे गारगार वाटते? स्पिरिटची वाफ होते आणि ती होताना आपल्या कातडीची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणीही याच युक्तीने गार होते. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी थंड पडते.

फ्रीज हा माठाचाच चुलतभाऊ समजा. फरक एवढाच, की माठातली वाफ हवेत निघून जाते आणि रोज नवे पाणी भरावे लागते. फ्रीजमध्ये मात्र तीच वाफ पुन्हा पकडून तिचा द्रव केला जातो. त्यासाठी असा पदार्थ हवा, की जो अगदी थंडीतही उकळेल. एसीमध्ये वर्षानुवर्षे वापरला गेलेला आर-२२ हा वायू शून्याखाली सुमारे ४१ अंश सेल्सिअसलाच उकळतो!

फ्रीजच्या आतल्या नळीत हा द्रव उकळतो आणि तुमच्या भाजी-दुधाची उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर नावाचा पंप त्या वाफेला दाबतो. दाबामुळे ती तापते आणि बाहेरच्या नळ्यांतून जाताना आपली उष्णता खोलीत सोडून देते. फ्रीजची पाठ किंवा बाजू गरम का लागते, ते कळले ना? उष्णता टाकून झाली की वाफेचा पुन्हा द्रव, आणि पुन्हा आतली फेरी. वर्षानुवर्षे तोच वायू, तेच फिरणे.

मेणबत्ती विझवणारा शास्त्रज्ञ

शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले वायू असत. नळी फुटली की माणसांच्या जिवावरच बेतायचे. अमेरिकेत अशा अपघातांत माणसे दगावलीही होती.

तेव्हा थॉमस मिजली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली एक नवा वायू शोधला. वास नाही, विष नाही, आग लागण्याची भीती नाही. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या एका सभेत मिजलीने काय केले माहीत आहे? हा वायू छातीत भरून घेतला आणि एका पेटत्या मेणबत्तीवर फुंकर मारली. मेणबत्ती विझली, मिजली ठणठणीत! एकाच फुंकरीत दोन गोष्टी सिद्ध झाल्या. वायू विषारी नाही आणि तो पेटतही नाही.

या वायूंच्या कुटुंबाचे नाव क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी. पुढे ते फ्रीजमध्ये आले, एसीत आले, फवाऱ्याच्या डब्यांत आले, फोममध्येही आले. सगळ्यांना वाटले, यापेक्षा गुणी वायू शोधून सापडणार नाही. पण त्याचा सगळ्यांत मोठा गुणच पुढे अवगुण ठरला. तो सहजासहजी कशाशीही संयोग पावत नाही, म्हणून नष्टही होत नाही. एकदा का बाहेर पडला, की वर्षानुवर्षे हवेत तरंगत वर वर जात राहतो.

आभाळाची छत्री विरली

जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा थर आहे. सूर्याकडून येणारे घातक अतिनील किरण तो अडवतो. ही छत्री नसेल तर कातडीचे कर्करोग, डोळ्यांचे मोतीबिंदू वाढतील, पिकांचे आणि समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचेही नुकसान होईल.

१९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी धोक्याची घंटा वाजवली. सीएफसी खूप उंचावर पोहोचले की अतिनील किरणांमुळे फुटतात आणि त्यांतला क्लोरीन मोकळा होतो. क्लोरीनचा एकच अणू ओझोनच्या सुमारे एक लाख रेणूंचा फडशा पाडू शकतो, बरं का! सुरुवातीला अनेकांनी, विशेषतः हे वायू बनवणाऱ्यांनी, ही गोष्ट मनावर घेतली नाही. पण १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर दर वसंत ऋतूत भयंकर पातळ होतो आहे. 'ओझोनला भोक पडले' ही बातमी जगभर पोहोचली. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झन यांना पुढे १९९५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता जग हलले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात एक करार झाला. ओझोन खाणारे वायू बनवणे टप्प्याटप्प्याने बंद करायचे! भारत १९९२ साली या करारात सामील झाला. आज जगातले सगळे देश त्यात आहेत. ऑगस्ट २००८ पासून आपल्या देशात दम्याच्या औषधी फवाऱ्यांसारखे अपवाद सोडून सीएफसी बनवणे थांबले, आणि २०१० पासून ते जगभर बंद झाले. १६ सप्टेंबरला आपण 'ओझोन दिन' पाळतो तो याच करारामुळे.

एका किलोची करामत

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरे झाले असते! पण सीएफसीच्या जागी आणलेल्या वायूंची वेगळीच भानगड निघाली. आर-२२ ओझोनला कमी त्रास देतो, पण देतोच. त्यानंतर आलेले आर-१३४ए, आर-४१०ए हे एचएफसी जातीचे वायू ओझोनला धक्का लावत नाहीत. मात्र पृथ्वीभोवती ते गोधडीसारखे पसरतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत.

किती उष्णता? चला, एक गणित करू. वही-पेन्सिल घ्या. शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-२२ चा एक किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० किलोंइतकी पृथ्वी तापवतो. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे १,८०० किलोंसाठी जवळजवळ ७८० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल घेतली, तर ती एवढ्या पेट्रोलवर ३९,००० किलोमीटर पळेल. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजेच, एका जुन्या एसीतला एक किलो वायू हवेत सोडणे आणि मोटारसायकलवरून जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणा घालणे, दोन्ही सारखेच! आणि हे घडते अवघ्या काही मिनिटांत, नुसता एक नट सैल केल्यावर.

म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ रोजी आफ्रिकेतल्या रवांडा देशात, किगाली शहरात, मॉन्ट्रियल करारात नवी भर घालण्यात आली. एचएफसी वायूही कमी करायचे ठरले. भारताने २०२१ साली याला मान्यता दिली. आपल्याकडे २०३२ पासून या वायूंचा वापर पायरीपायरीने उतरेल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी होईल. सगळ्या देशांनी हे पाळले तर या शतकाच्या अखेरपर्यंत जवळजवळ अर्ध्या अंशाची तापमानवाढ टळू शकते.

कारखान्यात काय बदलले?

कारखान्यांनी पहिला बदल केला तो वायूचाच. याची एक मजेदार हकीकत आहे. १९९२ साली पूर्व जर्मनीतला शार्फेनश्टाइन गावचा फ्रीजचा जुना कारखाना बंद पडायच्या बेतात होता. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने त्याला प्रोपेन आणि ब्यूटेन यांवर चालणारे काही फ्रीज बनवायला सांगितले. प्रोपेन-ब्यूटेन म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचेच घटक की! मोठ्या कंपन्यांनी नाके मुरडली, आग लागेल म्हणून घाबरवले. पण १९९३ साली हे फ्रीज बाजारात आले, लोकांनी ते उचलून धरले आणि मग नाके मुरडणाऱ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

आज आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. त्याची पृथ्वी तापवण्याची ताकद अगदीच नगण्य आहे. आणि आगीचे काय? स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. फ्रीजमधला आयसोब्यूटेन तोलला तर काही दशक ग्रॅमच भरतो. एसीतही बदल झाला. मुंबईच्या गोदरेज कंपनीने २०१२ च्या सुमारास प्रोपेनवर चालणारे एसी बाजारात आणले. बऱ्याच नव्या एसींत आता आर-३२ असतो. त्याचा आकडा सुमारे ६७५, म्हणजे आर-२२ च्या निम्म्याहूनही कमी. २०२५ पासून आपल्या देशात नव्या यंत्रात आर-२२ भरणे बंद झाले आहे.

दुसरा बदल गळतीवर. जिथे सांधा, तिथे गळतीची शक्यता. म्हणून सांधे कमी करायचे, नळ्या स्क्रूने जोडण्याऐवजी डाग देऊन पक्क्या जोडायच्या, यंत्रात वायूच कमी लागेल अशी बारीक नळ्यांची रचना करायची, आणि यंत्र कारखान्याबाहेर पडण्याआधी सूक्ष्म गळतीसाठी तपासायचे.

तिसरा बदल तर वायू बनतो तिथलाच. आर-२२ तयार होताना एचएफसी-२३ नावाचा एक नको असलेला वायूही तयार होतो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा दहा हजार पटींहून जास्त तापवणारा! ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने कारखान्यांना बजावले, की हा वायू हवेत सोडायचा नाही, भट्टीत जाळून नष्ट करायचा.

खरी लढाई नळीच्या टोकाशी

पण कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी पुढची दहा-पंधरा वर्षे यंत्र असते आपल्या घरात, ऑफिसात, दुकानात. तिथे वायू आत ठेवायचा की बाहेर सोडायचा, हे ठरते मेकॅनिककाकांच्या हातात.

काम नीट करण्याची एक पद्धत आहे, ती समजून घ्या. आधी गळती शोधायची. त्यासाठी नळीत कोरडा नायट्रोजन दाबाने भरतात आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावतात. सायकलचे पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात बुडवतात ना, तसेच. जिथे बुडबुडा फुगला, तिथे चोर सापडला! काहींजवळ वायूचा वास घेणारे इलेक्ट्रॉनिक यंत्रही असते. मग सांधा दुरुस्त करायचा. त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा आणि दमटपणा काढून टाकायचा. आणि शेवटी नवा वायू अंदाजाने नव्हे, तर वजनकाट्यावर तोलून भरायचा.

दुरुस्तीसाठी नळी उघडायची असेल आणि आत आर-२२ किंवा एचएफसी जातीचा वायू शिल्लक असेल, तर तो हवेत सोडायचा नाही. त्यासाठी 'रिकव्हरी मशीन' मिळते. ते वायू ओढून वेगळ्या सिलिंडरमध्ये भरते. तो वायू गाळून, तेल-पाणी वेगळे करून पुन्हा वापरता येतो. अगदीच खराब झाला असेल तर मोठ्या भट्टीत नष्ट करता येतो. अमेरिकेत दुरुस्तीच्या वेळी आर-२२ सारखे ओझोन खाणारे वायू मुद्दाम हवेत सोडायला १ जुलै १९९२ पासूनच कायद्याने मनाई आहे.

मग सगळेच काका असे का करत नाहीत? त्यांच्या बाजूनेही विचार करा. मशीन महाग, वजनाला जड. ते घेऊन चार जिने चढायचे. दुसऱ्या घरातून फोनवर फोन येत असतात. इथले लोकही म्हणतात, "अहो, तेवढा गॅस भरा आणि लवकर सुरू करून द्या. गळतीबिळती नंतर बघू!" मग काका तरी काय करणार? गळती तशीच राहते, नवा गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निसटतो आणि आपण पुन्हा म्हणतो, "गॅस संपला." वायूही गेला आणि बाबांचे पैसेही!

मार्च २०१९ मध्ये भारत सरकारने थंडाव्यासाठी एक राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. त्यात एक लाख मेकॅनिकना नव्या पद्धतीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते उगीच नाही. आभाळाची राखण करणारा हा माणूस पांढऱ्या कोटात नसतो, त्याच्या हातात पाना असतो!

भंगारातला म्हातारा

जुना फ्रीज भंगारात गेला की काय होते? भंगारवाल्याला हवे असते तांबे आणि लोखंड. नळी कापली, फुस्स करून वायू गेला! आणखी एक गंमत, खरे तर दुःखाची. जुन्या फ्रीजच्या भिंतींत जो फोम असतो, त्यातही सीएफसी कोंडलेला असे, बहुतेकदा नळीतल्यापेक्षा जास्तच. फ्रीज फोडला की तोही मोकळा. म्हणून आता आपल्याकडे फ्रीज आणि एसी 'ई-कचरा' नियमांत येतात आणि तो गोळा करून योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. नोंदणी असलेल्या केंद्रात वायू आधी ओढून घेतात, मग यंत्र सुटे करतात.

आणि कोणी चोरून असे वायू बनवले तर? तेही सापडते बरं का! २०१८ साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की बंदी असलेला सीएफसी-११ हवेत अपेक्षेइतक्या वेगाने कमी होत नाही. कुठेतरी तो नव्याने सुटत होता. हवेचे नमुने आणि वाऱ्याची दिशा तपासत २०१९ साली माग लागला तो पूर्व चीनपर्यंत. त्यानंतर कारवाई झाली आणि २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितले, की हे उत्सर्जन पुन्हा खाली आले आहे.

या साऱ्या धडपडीचे फळ दिसते आहे. जानेवारी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने सांगितले, की सगळे असेच नीट चालले तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० सालाइतका भरून येईल. जगाच्या बहुतेक भागांत तर २०४० च्या सुमारासच. तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण आई-बाबा झालेले असतील!

आता पाळी तुमची

मित्रांनो, तुम्ही लहान आहात म्हणून तुमच्या हाती काही नाही, असे समजू नका. या चार गोष्टी तर नक्कीच जमतील.

पहिली. फ्रीजच्या मागच्या बाजूला किंवा आत एक पट्टी चिकटवलेली असते. मोठ्यांना बरोबर घेऊन ती वाचा आणि आपल्या घरात कोणता वायू आहे ते शोधा. एसीवरही तसेच लिहिलेले असते. वहीत नोंद करा. नवीन यंत्र घ्यायचे असेल तेव्हा हीच पट्टी दुकानात वाचा.

दुसरी. फ्रीजरमध्ये साचलेला बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने कधीही खरवडू नका. आतली नळी पातळ असते. एक टोचा लागला की वायू गेला! फ्रीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्या.

तिसरी. कोणताही नट, कोणतीही नळी स्वतः उघडू नका. आतला वायू दाबाखाली असतो, काही वायू पेट घेणारेही असतात. ते काम शिकलेल्या माणसाचेच.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची. मेकॅनिककाका आले की त्यांना पाणी द्या आणि नम्रपणे विचारा, "काका, गळती कुठे आहे? आधी ती बुजवाल ना? आणि आतला गॅस कशात काढून घेणार?" आणि आई-बाबांनो, तुम्हांलाही एक विनंती. गळती शोधायला तासभर जास्त लागला आणि चार पैसे जास्त पडले, तर कुरकुर करू नका. तो खर्च पुढच्या उन्हाळ्यात वसूल होतो.

तेव्हा यापुढे कोणी म्हणाले, "गॅस संपलाय," तर तुम्ही काय म्हणाल? म्हणा बरं सगळ्यांनी एका सुरात,

"संपला नाही काका, निसटलाय. चला, भोक शोधू या!"